नमस्कार करू नये

शनिवार पेठ, पुणे
१४ फेब्रुवारी १९८९

चि. सुनीती,

नाना गेले हे तू पेपरात वाचलं असशील. 'पश्चात पत्नी, एक बंधू व एक कन्या असा परिवार आहे' हे वाक्य मी सांगून घालायला लावलं. गोपाळकाका मजकूर लिहीत होते, त्यांनी पेन थांबवून विचारलं, "वहिनी, कन्या घालायची का?" मी म्हटलं, आहे तर घालायची.

तू आली नाहीस. तू येशील असं इथे कोणी धरलंही नव्हतं, तेव्हा त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. गोपाळकाका म्हणाले, दादाची कसलीच इच्छा मागे राहिली नव्हती. म्हणजे तुला बघायचीही राहिली नव्हती, असा त्याचा अर्थ होतो. मी ऐकून घेतलं. उन्हात उभं राहून पाय दुखत होते, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं.

मला काही होत नाही. शेजारची हेमा रोज येऊन सांगते, काकू, एकदा रडून घ्या, मोकळं वाटेल. मी प्रयत्न करून पाहिला. त्यांचा चष्मा हातात घेऊन बसले. चष्म्याची एक काडी सैल झाली आहे, दुरुस्तीला टाकायला हवा, असा विचार आला. मग चष्मा कोणासाठी दुरुस्त करायचा, हा दुसरा विचार आला. तिसरा आला नाही. उठून कुकर लावला. कात्रजच्या दुधाच्या अजून दोन पिशव्या घेते. एक दर दिवशी नासते, पण दूधवाल्याला सांगायचं राहून जातं.

भेटायला येणारे हॉलमध्ये बसतात. हॉल तसाच आहे. तू गेलीस तेव्हा होता त्याहून नानांच्या संग्रहाने थोडा जास्तच भरला आहे. विष्णू दोन झाले, दिव्यांचं कपाट आलं, आणि मधोमध शिसवी चौरंगावर तो बुद्ध आहेच. जुनं घर पाडून फ्लॅट मिळाला तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी एक खोली माणसांना मिळेल. मिळाली नाही. सतरंजी टाकायला जागा बुद्धापुढेच, म्हणून तिथे टाकली. आलेली माणसं त्याच्याकडे पाठ करून बसत आणि माझ्याकडे बघत. त्यांच्या डोक्यांवरून तो दिसायचा. त्याच्याकडे बघितलं म्हणजे माणसांकडे बघावं लागत नाही, हा त्याचा मला या वयात कळलेला उपयोग.

त्याच्यामागच्या भिंतीवर पाटी आहे, अजून.

जपून राहा. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

आई

---

९ मार्च १९८९

चि. सुनीती,

कार्ड मिळालं. 'तब्येतीला जप' एवढं लिहायलासुद्धा तुला जड गेलं असेल. शनिवार पेठेतून बिबवेवाडी बसने अर्ध्या तासाची, आणि आपण एकमेकींना पोस्टाने लिहितो. पोस्टमनला काय वाटत असेल कोण जाणे.

संग्रहालयाचे एक अधिकारी येऊन गेले. गोपाळकाकांनीच बोलावलं होतं. सगळा संग्रह त्यांनी घ्यावा, त्यांच्या एका दालनात मांडावा, खाली नानांचं नाव लावावं, असं ठरतं आहे. म्हणजे ते दोघं ठरवत आहेत आणि मी चहा देते आहे. अधिकाऱ्यांचा सगळा जीव बुद्धात अडकला. भिंग लावून लावून पाहिला. आठवतं ना, कॅम्पातल्या कुठल्याशा बंगल्याच्या लिलावातून नानांनी तो आणला तेव्हा तू शाळेत होतीस आणि 'हा एवढा काळा का?' असं विचारून बोलणी खाल्ली होतीस? तोच काळेपणा अधिकाऱ्यांना फार आवडला. पाडव्यानंतर न्यायला येतो म्हणाले.

मला हो म्हणायचं आहे, बाकी काही नाही. सगळ्यांना वाटतं मी म्हणणारच. मलाही वाटतं.

पण हो म्हणण्याआधी तुला एक सांगायचं राहिलं आहे. तू संपत यांना पहिल्यांदा घरी आणलंस त्या दिवसाचं. तू म्हणशील, मी तिथेच होते, मला काय सांगतेस. तू खाली गाडी लावायला जागा शोधत होतीस, वर आलीस तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते आणि भिंत किती पातळ आहे तुला माहीत आहे. मी ऐकलं ते असं:

संपत आत आले. नाना खुर्चीत होते, उठले नाहीत, पण 'बसा' म्हणाले. चपला काढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मी दारातून डोकावले. संपत बुद्धापुढे गुडघ्यावर होते, कपाळ फरशीला टेकलेलं. तीनदा टेकलं. उठून हात जोडून उभे राहिले. तेव्हा नाना म्हणाले, "समोर पाटी आहे. वाचता येतं ना?"

पाटी काय आहे ते तुला पाठच आहे. 'मूर्तीस नमस्कार करू नये. फुले, हळदकुंकू वाहू नये. हा संग्रह आहे, देऊळ नव्हे. हुकमावरून.' हेमाच्या सासूबाईंनी विष्णूला कुंकू लावलं होतं त्या दिवशी नानांनी ती स्वतःच्या हाताने रंगवली. त्याआधी आणि त्यानंतर कितीजणांनी त्या हॉलमध्ये गुपचूप हात जोडले. नानांनी त्यांना हसून पाटी दाखवली. वाचता येतं ना, असं कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. टेलिफोन खात्यातल्या इंजिनियरला विचारलं.

आणि संपत म्हणाले, "येतं. आधी वाचली, मग नमस्कार केला."

आवाज चढला नव्हता. मला तर त्यांचा आवाज आवडला होता. मी पोह्यांवर खोबरं घालून ताटल्या घेऊन बाहेर आले तेव्हा तू दारात होतीस, ते चपला घालत होते आणि नाना पेपर वाचत होते. तुला वाटत आलं असेल की तिथे मोठं भांडण झालं. नाही झालं. एवढंच झालं. तू घरातून निघून गेलीस ती एवढ्यावरच, हे तुला प्रत्यक्ष ऐकलेल्या कोणीतरी सांगावं असं वाटलं. संपत बहुतेक सांगणार नाहीत.

पोहे संध्याकाळी गरम करून आम्ही दोघांनी खाल्ले.

आई

---

७ एप्रिल १९८९

चि. सौ. सुनीती,

'सौ.' आजवर लिहिलं नव्हतं. आज लिहिताना पेन अडलं नाही, म्हणून लिहिलं.

काल पाडवा झाला. आपल्याकडे यंदा सण नाही, गुढी नाही. तरीपण आदल्या दिवशी सकाळी मी देवघरातली भांडी काढून मोरीत बसले. हात सवयीने चालतात, त्यांना कोण गेलं हे कळवलेलं नसतं. चिंचेचा कोळ, मीठ आणि नारळाची शेंडी. समई घासली, निरांजन, ताम्हन, घंटा, अन्नपूर्णा, बाळकृष्ण. सगळं झालं आणि चिंच उरली.

उरलेली चिंच टाकवत नाही, हे तू माझ्याकडूनच उचललं असशील. मी उठून हॉलमध्ये गेले. बुद्धाला उचललं. चांगला जड आहे, कडेवर घ्यावा लागला. मोरीत पाटावर बसवला आणि घासायला लागले.

का, ते विचारू नकोस. राग आला होता म्हणावं तर तसंही नाही. त्याचं बरं करावं असंही मनात नव्हतं. पितळी आहे, काळा झाला आहे, उद्या पाडवा आहे, चिंच आहे. एवढंच. आजवर त्याला हात लावायची मनाई होती, फडकं मारायचं तेही नाना स्वतः मारत. आता मनाई करणारं कोणी नव्हतं हेसुद्धा मला घासून झाल्यावर आठवलं.

काळं पाणी मोरीतून वाहत राहिलं. आधी गुडघे निघाले, मग जमिनीला टेकलेला उजवा हात. मग तोंड. सुनीती, त्याला डोळे आहेत, अर्धे मिटलेले. वरच्या ओठावर एक बारीक पन्हळ आहे. माझ्याच घरात एवढी वर्षं होता आणि मी त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तीन पाण्यांनी धुऊन, कोरड्या पंच्याने पुसून परत चौरंगावर नेऊन ठेवला. सकाळच्या उन्हात असा झळकला की समोरच्या बिल्डिंगमधल्यांनी खिडकीत येऊन पाहिलं.

हाताला दुपारपर्यंत चिंचेचा वास येत होता. दोन महिन्यांत मला पहिल्यांदा कसला तरी वास आला.

संग्रहालयाचे लोक सोमवारी येणार आहेत.

आई

---

२६ एप्रिल १९८९

चि. सौ. सुनीती,

ते आले. अधिकारी हॉलच्या दारात आले आणि तिथेच उभे राहिले. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"बाई, हे काय झालं?"

"घासला," मी म्हटलं.

"कशाने?"

"चिंचेने. नुसत्या हाताने निघत नाही, म्हणून नारळाची शेंडी घेतली."

ते चक्क खाली सतरंजीवर बसले. मग लहान मुलाला सांगावं तसं मला समजावून सांगू लागले, की तो काळा थर म्हणजे मळ नव्हता, तो शेकडो वर्षांत धातूवर आपोआप चढतो, त्यावरून वय कळतं, तो असला तरच मूर्तीला किंमत, आणि एकदा गेला की परत आणता येत नाही. चांगला माणूस आहे. बोलता बोलता त्यांचा आवाज कातर झाला. माझा झाला नाही. मी चहा ठेवला.

गोपाळकाका मात्र भडकले. "वहिनी, तुम्हांला तो तांब्या वाटला का? दादा असता तर..." पुढे ते थांबले. दादा असता तर मी घासला नसता, हे त्यांनाही कळत होतं.

बाकीचा संग्रह गेला. विष्णू दोन्ही, दिव्यांचं कपाट, चित्रं, सगळं गवतात गुंडाळून खोक्यांतून नेलं. बुद्ध नको म्हणाले. असा मांडता येणार नाही, लोक विचारतील. हॉलमध्ये आता तो, मी आणि सतरंजी. मी बोलले की हॉलमध्ये आवाज घुमतो, त्यामुळे बोलत नाही.

म्हणून विचारते, तुम्ही नेता का? जुन्या मूर्तींची सरकारात नोंद असते, जागा बदलली एवढं कळवलं की झालं. आता ती चांगली घासलेली मूर्ती आहे, एवढंच. संपत यांनी तिच्यापुढे डोकं टेकलं होतं. मला वाटलं, तिला तुमच्या घरात जागा असावी.

तू ये आणि घेऊन जा. किंवा नुसती ये.

आई

---

२१ मे १९८९

चि. सौ. सुनीती,

तुझं कार्ड दहा मेला मिळालं. 'मूर्ती नको. आमच्याकडे आहे.' दोन वाक्यं. 'ये' ला तू उत्तर दिलं नाहीस. मी ते कार्ड फळीवर डब्याखाली ठेवलं आणि पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं. तुझ्यावर रागावून नव्हे. आता माझ्याकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि नुसतं मागत राहायला मला येत नाही.

तरी लिहिते आहे, कारण काल पौर्णिमा होती आणि काल तुझ्या सासूबाई येऊन गेल्या. त्यांनी तुला सांगितलं असेल. त्या एकट्या, बस बदलून, विचारत विचारत आल्या. स्वच्छ पांढरं पातळ, हातात मेणबत्त्यांचा पुडा आणि चाफ्याची फुलं. हेमाने दार उघडलं. तिला वाटलं, कोणीतरी नात्यातल्या भेटायला आल्या. मला हाक मारून म्हणाली, काकू, तुमच्याकडच्या आल्यात. मी दारात गेले, तर त्या म्हणाल्या, "जय भीम, विहीणबाई. मी सरुबाई, संपतची आई." मी नमस्कार म्हटलं.

आत येऊन त्यांनी बुद्धाकडे पाहिलं, आणि मग भिंतीकडे. भिंत कोरी होती. खोकी गेली त्याच दिवशी मी पाटी काढून माळ्यावर टाकली होती. तिथे फक्त रंगाचा चौकोन आहे आणि खिळा.

"पाटी कुठं हाय?"

"काढली," मी म्हटलं. काहीतरी चांगलं केल्यासारखं म्हटलं असेन.

"काढली व्हय." त्या जरा हिरमुसल्या. "मला बघायची व्हती. माझ्या पोराला ज्याच्यावरनं बोलले ती पाटी बघावी म्हनून मी आले. मूर्ती काय, मूर्ती घरी बी हाय."

मी स्टुलावर चढून माळ्यावरून पाटी काढली. त्यांनी स्टूल धरलं. दोघी सतरंजीवर बसलो. त्यांनी पाटी मांडीवर घेतली, पदराने धूळ पुसली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश. मला वाटलं वाचताहेत.

मग माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "मला कुठं येतंय वाचाया. मार्केट यार्डात कांदे निवडण्यात जल्म गेला. सुनीती तुमची पत्रं वाचून दावती, आमी समदी बसून ऐकतो. तसं हे तुमी वाचा. मोठ्यानं वाचा, काय बी गाळू नका."

सुनीती, तू माझी पत्रं मोठ्याने वाचतेस हे मला माहीत नव्हतं. सगळे बसून ऐकता. पोह्यांचंसुद्धा ऐकलंत.

मी पाटी हातात घेतली. रोज पाहिलेली, फडकं मारलेली पाटी. ती मी कधी मोठ्याने वाचली नव्हती, वाचायची गरजच पडली नव्हती. 'मूर्तीस' म्हटलं. 'नमस्कार' म्हटलं. पुढचे दोन शब्द तोंडातून निघेनात. समोर एक बाई पांढरं पातळ नेसून, मांडीवर चाफा घेऊन बसलेली, आणि तिच्या तोंडावर मी ते दोन शब्द बोलायचे होते. नाना पेपरामागून किती सहज बोलले असतील.

तिथे मला रडू फुटलं. हेमा बिचारी तीन-साडेतीन महिने ज्याची वाट बघत होती ते. नानांसाठी की तुझ्यासाठी, की त्या दोन शब्दांसाठी, मला खरंच सांगता येणार नाही. घुमणाऱ्या हॉलमध्ये रडण्याचा आवाज फार मोठा येतो. सरुबाईंनी मला थोपटलं वगैरे नाही. त्या बसून राहिल्या. माझं रडू ओसरलं तेव्हा म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मग."

मी म्हटलं, नाही, वाचते. आणि वाचली. करू नये. वाहू नये. देऊळ नव्हे. हुकमावरून. सगळी, काही न गाळता.

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "अक्षर ब्येस हाय."

मग उठल्या. मेणबत्ती लावली, फुलं वाहिली, काहीतरी हळू आवाजात म्हटलं आणि तीनदा डोकं टेकलं, तुझ्या संपतने टेकलं होतं तसंच. मी बाजूला उभी होते. मी हात जोडले नाहीत. जोडावेसे वाटले, पण त्यांच्यामागून, त्यांनी सुरुवात करून दिल्यावर, बरं वाटेना. चहा प्यायल्या. पोहे केले ते खाल्ले. निघताना पाटी उचलून, उलटसुलट करून पाहिली. "लाकूड सागवानी हाय. आमची मूर्ती टीव्हीवर ठेवलीया, हलती सारखी. हिच्यावर बसंल. नेऊ?"

मी म्हटलं, न्या. अक्षरं वर ठेवायची की खाली, ते तुमच्या घरात तुम्ही ठरवा.

आता हे पुढचं मोठ्याने वाच. वाचत असशीलच.

संपतराव, तुम्हांला वाचता येतं हे मला त्या दिवशी भिंतीआड कळलं होतं, आणि मी पोहे परतत राहिले. ती मूर्ती तुमच्याकडे पाठवण्याचा हट्ट मी सोडला आहे. ती माझ्याकडे राहील, मीच तिला घासेन. पण तुमची मूर्ती मी पाहिलेली नाही, आणि नमस्कार करायचा तर मला तुमच्या घरी, तुमच्या मूर्तीला पहिला करायचा आहे. येऊ का? सुनीतीला विचारून तुम्ही कळवा, म्हणजे तिने दोन वाक्यांत लिहायला नको. कार्ड पुरे. मार्केट यार्डच्या स्टॉपवर उतरून पुढचं मी विचारत विचारत येईन.

आजपासून दूधवाल्याला एकच पिशवी सांगितली आहे. कळवलंत की दोन घेईन, येताना खरवस नाही पण बासुंदी करून आणेन.

तुमची
श्यामला